नववी-दहावीचे कच्चे गुण आणि पुढची दारे

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारच्या दिशेने निघाले की होसकोटे लागते. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे हे गाव आता कारखान्यांचे गाव झाले आहे. व्होल्व्होचा मालमोटारींचा कारखाना येथे १९९८ साली सुरू झाला. नोकरीनिमित्त या परिसरात स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना पुष्कळदा आठवी-नववीतच शाळा, परीक्षा मंडळ आणि भाषा ही तिन्ही एकदम बदलावी लागतात. गणित तेच असते, पण ते शिकवणारी भाषा निराळी असते. त्यात कन्नड हा नवा विषय. साहजिकच गुण घसरतात आणि घरात निकाल लागतो, "आता चांगल्या महाविद्यालयाची आशा नको."

हा निकाल देण्यापूर्वी प्रत्येक पालकाने एक प्रश्न विचारावयास हवा : आपल्याला ज्या दारातून जावयाचे आहे, ते दार नेमके कोणते गुण पाहते?

गुणांचा हिशेब कोठे संपतो?

दहावीचे, म्हणजे कर्नाटकातील एस.एस.एल.सी.चे गुण सर्वप्रथम पदवीपूर्व महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लागतात. तेथे ते कमी पडले, तर नामांकित महाविद्यालय हुकते, हे खरे. परंतु पदवीच्या पुष्कळशा स्पर्धात्मक प्रवेशांत त्या गुणांना पुढे स्थान उरत नाही. पदवीपूर्व पहिल्या वर्षाचेही तसेच आहे. ते वर्ष उत्तीर्ण व्हावेच लागते, पण त्याचे गुण दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेत मिळवले जात नाहीत.

उदाहरणादाखल कर्नाटकातील अभियांत्रिकी प्रवेश घेऊ. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, अर्थात सीईटीची, क्रमवारी ठरवताना बारावीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात. समजा, एका विद्यार्थ्याला दहावीत ५८ टक्के होते. बारावीत या तीन विषयांत त्याने ३०० पैकी २७० गुण मिळवले आणि सीईटीत १८० पैकी १०८. त्याची सरासरी ९० व ६० मिळून ७५ होते. दुसऱ्याला दहावीत ९५ टक्के, पण बारावीत २४० आणि सीईटीत ९० गुण. त्याची सरासरी ८० व ५० मिळून ६५. पहिला पुढे गेला. दहावीचा आकडा या हिशेबात आलाच नाही.

इतर दारे

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व आयआयटी : क्रमांक जेईई परीक्षांवर ठरतो. बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के) अथवा आपल्या मंडळात सर्वोच्च २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट असते. जेईई मेनची वर्षातून दोन सत्रे होतात व त्यांतील सरस गुण धरले जातात.

वैद्यकीय : बारावीत किमान पात्रता गुण मिळवल्यावर क्रमवारी नीट परीक्षेवरच लागते.

विधी : बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमधील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 'क्लॅट' द्यावी लागते. खुल्या वर्गास बारावीत ४५ टक्के पुरतात. पुढील निवड परीक्षेतील क्रमांकावर होते.

मानव्यविद्या व विज्ञान : होसकोट्याच्या दक्षिणेस सर्जापूर येथे असलेले अझीम प्रेमजी विद्यापीठ लेखी परीक्षा व मुलाखत घेते, आणि कौटुंबिक उत्पन्नानुसार शिष्यवृत्तीही देते.

जेथे जुने गुण पाठ सोडत नाहीत

याची दुसरी बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. बंगळूरची भारतीय व्यवस्थापन संस्था आपल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी उमेदवारांची यादी करताना 'कॅट'सोबत दहावी व बारावीच्या गुणांनाही भार देत आली आहे. अमेरिकेतील विद्यापीठे तर नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रके मागवतात. तेथे कच्चा आरंभ लपत नाही. मात्र वर्षागणिक चढत गेलेला आलेख विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो. शाळा व भाषा बदलल्याचे कारण अर्जात दोन-तीन वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता मांडावे आणि शाळेच्या पत्रातही त्याचा उल्लेख असावा.

गुण विसरले जातात, उणीव नाही

येथे सर्वांत मोठा धोका आहे. नववीतील बीजगणिताचे गुण कोणी विचारणार नाही. पण तेच बीजगणित अकरावीच्या भौतिकशास्त्रात पावलोपावली भेटते. सीईटी, जेईई व नीट या परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी व बारावी अशा दोन्ही वर्षांचा असतो. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत पुढच्या वर्गाची शिकवणी लावण्याआधी मागच्या वर्गातील कच्चे धडे पक्के करावेत. आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके समोर ठेवून, न सुटणाऱ्या प्रकरणांची यादी करावी व आठवड्याला एक प्रकरण हाती घ्यावे.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण मराठी वाचकास परिचित आहे. १८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्यावर त्यांनी पहिले वर्ष प्रकृती सुधारण्यासाठी व्यायामात घालवले आणि त्या वर्षी ते परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पुढे ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले. वाया गेलेले वर्ष त्यांनी नंतरच्या अभ्यासाने भरून काढले.

आजच्या विद्यार्थ्याला आणखी एक सवलत आहे. २०२४ पासून कर्नाटकात बारावीची परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि विषयवार सरस गुण राखता येतात.

पैशाचा मार्ग

गुण कमी आहेत म्हणून देणगी देऊन जागा मिळवून देऊ, असे सांगणारे मध्यस्थ निकालाच्या दिवसांत भेटतात. कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने अशी देणगी घेण्यास मनाई आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडणे अथवा दागिने गहाण टाकणे म्हणजे मुलाच्या पुढील दोन वर्षांवरचा विश्वास आधीच काढून घेणे होय.

त्याऐवजी शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, अन्य अटींच्या अधीन राहून, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत आहे. येथेही आधार असतो तो मिळालेल्या प्रवेशाचा. नववीच्या गुणपत्रिकेचा नव्हे.

पालकांसाठी गृहपाठ

१. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखावेत : संस्था, ती पाहत असलेले गुण, किमान अट. पाच-सहा संस्था लिहून प्रत्येकीची चालू वर्षाची माहिती-पुस्तिका पाहून पान भरावे. नियम बदलत असतात.

२. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांनी कर्नाटकातील वास्तव्याची अट आधी तपासावी. राज्याच्या कोट्यातील जागांसाठी साधारणतः पहिली ते बारावीपर्यंत किमान सात शैक्षणिक वर्षे राज्यात शिकलेली असावी लागतात. काही वर्गांना वेगळे नियम आहेत. अट पूर्ण होत नसेल, तर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची 'कॉमेडके' परीक्षा व अखिल भारतीय परीक्षा हे मार्ग खुले राहतात.

३. शाळांचे दाखले व अभ्यास-प्रमाणपत्रे दहावीनंतरच गोळा करून ठेवावीत. जुन्या गावच्या शाळेतून कागद येण्यास वेळ लागतो.

४. हे पान मुलाबरोबर बसून भरावे. कोणते गुण मागे पडले आणि कोणते अजून मिळवावयाचे आहेत, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्याखेरीज अभ्यासाला हुरूप येत नाही.