थिबा राजाच्या वाटेने : रत्नागिरीतील एक अभ्यासफेरी

रत्नागिरीत शिकलेल्या बहुतेकांनी थिबा राजवाडा पाहिलेला असतो. परंतु ती वास्तू आपल्याला काय शिकविते, याचा विचार क्वचितच होतो. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मुलांसमवेत, वाटाड्याविना, अर्ध्या दिवसात पायी करावी अशी ही फेरी येथे मांडत आहे.

1. टिळक आळी. फेरीचा आरंभ लोकमान्य टिळकांच्या जन्मस्थानापासून करावा. येथे 1856 मध्ये जन्मलेल्या टिळकांना 1908 साली राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात धाडण्यात आले. त्याच मंडालेचा राजा त्यापूर्वीच, 1886 मध्ये, रत्नागिरीस आणला गेला होता. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला 1858 मध्ये रंगूनला नेले. तेथेच तो 1862 मध्ये वारला. माणसास त्याच्या लोकांपासून तोडणे, ही साम्राज्याची रीत होती. सत्ताधीशांना जिवंत कैद्याचीही भीती का वाटते, हा प्रश्न मुलांना येथेच विचारावा.

2. थिबा राजवाडा. नोव्हेंबर 1885 मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात थिबा पदच्युत झाला. रत्नागिरीत आल्यावर दोन तपे तो बंगल्यांतून राहिला. हा राजवाडा 1910 मध्ये तयार झाला. म्हणजे ज्या वास्तूला त्याचे नाव आहे, तीत त्याला जेमतेम सहा वर्षे लाभली. आत पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. वेळ आधी विचारून घ्यावी.

येथे एक सावधगिरी हवी. थिबा बौद्ध होता, म्हणून त्याचे सारेच गौरवावे असे नाही. 1879 मध्ये त्याच्या राजवटीत राजघराण्यातील अनेक आप्तांची हत्या झाली. ‘पाणातिपाता वेरमणी’ हे शील राजासही लागू आहे. आपल्या माणसाविषयीही सत्य सांगणे, हीच इतिहासाची शिस्त होय.

3. थिबा पॉइंट. येथून भाट्येची खाडी व समुद्र दिसतो. क्षणभर शांत उभे राहावे. तीस वर्षांच्या हद्दपारीचा अर्थ पुस्तकापेक्षा येथे अधिक उमगतो.

4. समाधी. थिबा डिसेंबर 1916 मध्ये वारला. राणी सुपयालत 1919 मध्ये मायदेशी परतली; राजा मात्र येथेच राहिला. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी या समाधीस वंदन केले. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, आणि कष्टाचा संसार करून येथल्याच मातीत मिसळली. राजवाड्याइतकीच तिची कथाही मुलांना सांगावी. इतिहास केवळ सिंहासनावरच्यांचा नसतो.

ब्रह्मदेशाशी आपले नाते येथेच संपत नाही. डिसेंबर 1954 मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांना धम्मदीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हेही मूळ ब्रह्मदेशाचेच. बंदुकीच्या बळावर एक राजा त्या देशातून येथे आणला गेला. धम्म मात्र मैत्रीने आला. दोहोंतील भेद मुलांच्या ध्यानी आणून द्यावा.

घरी परतल्यावर प्रत्येक मुलाने एक पानभर टिपण लिहावे : काय पाहिले, काय ऐकले, आणि त्यांपैकी कशाला पुरावा आहे. ही तीन सदरे वेगवेगळी ठेवण्याची सवय लागली, तर फेरी सार्थकी लागली असे समजावे.