बाटलीतले प्रथिन आणि आपला ऊस



मागच्या महिन्यात घरच्या माणसाची साखर दाखवायला धंतोलीत जाणे झाले. नागपुरात दवाखाना म्हटला की आपले पाय धंतोलीकडेच वळतात. तिथे औषधाच्या दुकानापुढे ओळखीचे एक ऊसवाले भेटले. एका हातात इन्सुलिनची बाटली, दुसऱ्या हातात कोण्या विक्रेत्याने दिलेला रंगीत कागद. प्रयोगशाळेत बनवलेले प्रकाशसंश्लेषणाचे प्रथिन फवारा आणि उसाचे वजन वाढवा, असे त्यावर छापलेले. मला म्हणाले, "एकराले किती बाटल्या लागतीन जी?" रस्त्यावर उभ्या उभ्या सांगता आले नाही, म्हणून येथे लिहितो.

आधी त्यांच्या पहिल्या हाताचे पाहू. इन्सुलिन हेही प्रथिनच. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनचे जनुक, म्हणजे ते बनवण्याची कृती, ई. कोलाय नावाच्या जंतूत घातली गेली. जंतू वाढू लागले आणि इन्सुलिन तयार होऊ लागले. १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. परक्या जनुकाकडून असे करवून घेतलेल्या प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. हीच युक्ती पुढे वनस्पतींच्या प्रथिनांना लावली गेली.

आता उसाच्या पानात काय चालते ते पाहा. हवेतला कर्बवायू पकडून त्याची साखर करण्याच्या कामाला बहुतेक झाडांत रुबिस्को नावाचे प्रथिन असते. हा गडी कामाला मंद, सेकंदाला तीनेक कण पकडतो; आणि वर चुकतोही. चार-पाच खेपांत एकदा कर्बवायू सोडून प्राणवायूच धरतो, मग ती चूक निस्तरण्यात झाडाची कमाई जाते. पऱ्हाटी, सोयाबीन, धान, गहू यांचे असेच चालते. उसाने मात्र तोड काढली आहे. त्याच्या पानात आधी पेप कार्बोक्सिलेज हे दुसरे प्रथिन कर्ब पकडते. ते प्राणवायूला फसत नाही. पकडलेला कर्ब आम्लाच्या रूपात शिरेभोवतीच्या पेशींत पोचतो, तिथे मोकळा होतो, आणि त्या दाटीत रुबिस्कोला चुकायला फारशी जागाच उरत नाही. ज्वारी आणि मका ही उसाची भावंडेही असेच करतात.

हा शोध उसावरच लागला, आणि तोही साखरवाल्यांच्या पैशावर. हवाई बेटांवरील ऊस लागवडदारांच्या संघाच्या प्रयोगशाळेत कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी १९६५ साली पहिली बाजू मांडली. १९६६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी पूर्ण वाट उलगडायला घेतली. संशोधनाला पैसा कशाला, असे वार्षिक सभेत विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, एवढे सहज जाता जाता.

१९८६ साली जपानी शास्त्रज्ञांनी मक्याचे पेप कार्बोक्सिलेज जंतूत बनवले. त्यांनी मुद्दाम असा जंतू घेतला की ज्याचे स्वतःचे हे प्रथिन बिघडलेले. ग्लुटामेट आयते दिल्याशिवाय तो वाढेचना. मक्याचे जनुक आत जाताच तो आपल्या पायावर उभा राहिला. रुबिस्कोने मात्र फार दमवले. त्याचे मोठे आठ आणि लहान आठ असे सोळा तुकडे नीट जुळावे लागतात, आणि जंतूत ते जुळेनात. अखेर २०१७ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत पानातली पाच मदतनीस प्रथिने सोबत घातली, तेव्हा मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्याचे रुबिस्को जंतूत उभे राहिले.

मग या प्रथिनाचा उपयोग काय? आपल्या वजनकाट्याजवळची प्रमाणित मापे आठवा. काटा खरा की खोटा हे त्यांच्यावरून कळते. ती मापे कोणी मोळीत बांधून गव्हाणीत टाकत नाही. तसेच हे. पानात एखादे प्रथिन किती आहे हे मोजताना शेजारी माहीत असलेल्या मापाचे शुद्ध प्रथिन ठेवून ताडून पाहतात. त्याची रचना तपासतात, एखादा तुकडा बदलून गती वाढते का ते पाहतात. काम चिमूटभर मालावर, आणि तोही गोठवून ठेवलेला.

उसावर ते फवारले तर? युरियाचा कण लहान, पानातून आत शिरतो. रुबिस्को त्याच्या नऊ हजार पटींहून जड. पानावरचे मेणाचे अस्तर ओलांडून, पेशीत शिरून, तिच्या आतल्या हरितकणात जाऊन बसणे त्याला जमणारे नाही. जमिनीत ओतले तर तिथले जंतू ते खाऊन टाकतात. मागे उरतो थोडासा नत्र, तोही युरियाच्या मानाने सोन्याच्या भावाचा.

"मंग सारेच टॉनिक खोटे का?" असे त्या गृहस्थांनी विचारले. तसे नाही. प्रथिने फोडून केलेली काही जैव-उत्तेजके असतात, पण ती निराळी. २०२१ पासून जैव-उत्तेजके १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत. तेव्हा बाटलीवर घटक, प्रमाण, पीक आणि उत्पादकाचा पत्ता आहे का ते वाचा, पक्की पावती मागा. शंका असेल तर पैसे देण्याआधी बाटली किंवा नुसता कागद घेऊन शेतकी खात्यात या. त्या गृहस्थांचा कागद मी ठेवून घेतला आहे, पाहायला मिळेल.