डिरेक्टरी सर्व्हर व त्याची रोजची नक्कल

शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर नांवाची एक जाड वही असते. तुमच्या दाखल्यावरील नांव, जन्मतारीख व दाखल झाल्याचा दिवस तीवरूनच उतरलेला असतो. ज्या संस्थेंत शेंकडों माणसें संगणक वापरतात, तेथें असेंच काम डिरेक्टरी सर्व्हर करितो. अमुक मनुष्य कोण, तो कोणत्या गटांतला, त्यानें दिलेला पासवर्ड खरा कीं खोटा, हें इतर सर्व यंत्रें त्यालाच विचारितात. तो नाहींसा झाला, तर यंत्रें धडधाकट असूनही कोणास आंत प्रवेश मिळत नाहीं. त्याच्याशीं बोलण्याची एलडॅप ही पद्धति अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत निघाली व १९९३ सालीं तिचें पहिलें विवरण प्रसिद्ध झालें. १९९८ सालीं सुरू झालेला ओपनएलडॅप हा या पद्धतीचा मोफत मिळणारा सर्व्हर होय. आज त्याचेंच उदाहरण घेऊं.

कांहीं जण म्हणतात, "जोडीला दुसरा सर्व्हर ठेविला आहे, मग नक्कल कशाला?" हा भ्रम आहे. जोडीचा सर्व्हर पहिल्यांतील प्रत्येक फेरफार तत्काळ उतरून घेतो. एक मोडला तर दुसरा उपयोगी पडतो, हें खरें. पण कोणीं चुकून एक वर्गचा वर्ग पुसून टाकिला, तर तो दुसरीकडूनही क्षणांत पुसला जातो. नक्कल म्हणजे काल रात्रीची स्थिति जशीच्या तशी जपून ठेवणें.

ओपनएलडॅपबरोबर स्लॅपकॅट नांवाची आज्ञा मिळते. ती साठ्यांतील नोंदी वाचून एलडिफ या साध्या अक्षरी स्वरूपांत लिहून काढते. हल्लींच्या एमडीबी साठ्याची अशी नक्कल घेतांना सर्व्हर बंद करावा लागत नाहीं. मात्र नकला दोन घ्याव्या: एक नोंदींची, व दुसरी सर्व्हरच्या व्यवस्थेची, जिचा क्रमांक शून्य असतो. ही दुसरी विसरणें फार सोपें आहे. हें काम मनुष्याच्या आठवणीवर न सोंपवितां क्रॉन या वेळापत्रकाकडे द्यावें. त्याच्या ओळींत आरंभीं मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशीं पांच घरें असतात. पहिल्यांत ०, दुसऱ्यांत २ व उरलेल्या तिहींत तारका घातली, म्हणजे रोज रात्रीं दोन वाजतां नक्कल होते. फाइलीच्या नांवांत त्या दिवसाची तारीख घालावी, नाहीं तर आजची नक्कल कालच्या नकलेवर लिहिली जाईल. तीस दिवसांहून जुन्या फाइली काढून टाकाव्या. या फाइलींत पासवर्डांचीं सांकेतिक रूपें असतात, म्हणून त्या मुख्य व्यवस्थापकावांचून कोणास वाचतां येऊं नयेत. आणि एक प्रत दुसऱ्या इमारतींतील यंत्रावर पाठवावी.

आतां आमची एक फजिती सांगतों. एका संस्थेंत आम्हीं अशीच व्यवस्था केली होती. रोज सकाळीं नव्या तारखेची फाइल दिसे व आम्ही निश्चिंत असूं. एके दिवशीं डिस्क बिघडली. आम्हीं नकला उघडल्या, तों सर्व फाइली रिकाम्या! कारण क्षुल्लक होतें. स्लॅपकॅट ही आज्ञा ज्या फोल्डरांत राहते, तेथें शोधावयास क्रॉन गेलाच नव्हता. आज्ञा सांपडली नाहीं. पण तिचें लिखाण घेण्यासाठीं फाइल मात्र आधींच उघडली गेली होती. सर्व नांवें कागदावरील याद्यांवरून पुन्हां भरावीं लागलीं व प्रत्येकास नवा पासवर्ड द्यावा लागला.

तेव्हांपासून आम्ही तीन नियम पाळतों. पहिला, क्रॉनच्या ओळींत आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा. दुसरा, आज्ञा चुकली किंवा फाइलीचा आकार एकाएकीं घटला, तर तशी सूचना आपणांस येईल असें करावें. तिसरा, महिन्यांतून एकदां एका रिकाम्या यंत्रावर, सर्व्हर बंद ठेवून, स्लॅपअ‍ॅड या आज्ञेनें प्रथम व्यवस्था व मग नोंदी परत भराव्या. फाइलींची मालकी सर्व्हरच्या खात्याकडे द्यावी. मग सर्व्हर चालू करून एखादें ओळखीचें नांव शोधावें.

तें नांव सांपडलें, तरच आपल्याजवळ नक्कल आहे. पाठ केलेली कविता पुस्तक मिटून म्हणतां आली, तरच ती पाठ झाली असें आपण समजतों. तोच न्याय येथें लागू आहे. घरचे दाखले व छायाचित्रें यांची नक्कल पालकांनीं ठेविली असेल, तर त्यांनींही ती आजच एकदां उघडून पाहावी.