बालहक्कांचे कायदे आणि क्रियापद

कायदा वाचताना त्यातील क्रियापदाकडे लक्ष द्यावे. मूळ संविधानाच्या अनुच्छेद ४५ नुसार, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने ‘प्रयत्न’ करावयाचा होता. हे मार्गदर्शक तत्त्व. न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करून घेता येत नसे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१क मूलभूत हक्कांत आला. तेथे ‘प्रयत्न’ गळाला. सहा ते चौदा वयोगटाला शिक्षण देणे हेच राज्याचे कर्तव्य ठरले. (सहा वर्षांखालील बालके मात्र या हक्काबाहेर राहिली.) २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मातृभाषेच्या माध्यमाला पुन्हा ‘व्यवहार्य असेल तेथवर’ अशी पुस्ती जोडलेली आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल मराठी माध्यमाच्या पहिलीत बसते, तेव्हा त्याचा हक्क नेमका या तीन शब्दांपाशी अडतो.