साक्षीला उभं राहताना

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर शांतता समितीच्या बैठकांना जाऊ लागलो. गणपती, मोहरम, नवरात्र, ईद जवळ आली की ठाण्यात खुर्च्या मांडल्या जातात. पिकल्या केसांची माणसं येतात, चहा होतो, सगळे सलोख्यावर बोलतात आणि घरी जातात. त्या बैठका हव्यातच. पण शांतता खरी राखली जाते ती बैठकीबाहेर, एखाद्या माणसाने एखाद्या अवघड घटकेला काय सांगितलं आणि काय सांगायला नकार दिला, त्यावर. मराठी घरं, मोमीन विणकर, बोहरी व्यापारी, गुजर शेतकरी, डोंगरातले बारेला आणि कोरकू, अशा सगळ्यांच्या या जिल्ह्याने मला जे शिकवलं, ते लिहून ठेवतो आहे.

१. अफवा उठली की पहिल्या तासात बाहेर पडावं

ऑक्टोबर २००८ मध्ये आमच्या शहरात दंगल झाली. माणसं मेली, संचारबंदी लागली. इथे गल्लोगल्ली पॉवरलूम आहेत आणि विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. माग थांबला की त्या दिवसाची कमाई गेली. तयार माल अडकला की व्यापाऱ्याचाही पैसा अडकतो. दंगलीचा हिशेब मेलेल्यांच्या आकड्याने होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. पण त्या आकड्याखाली हजारो बंद चुली असतात, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

तेव्हापासून एक नियम पाळतो. काही झाल्याची कुणकुण लागली की फोनवर विचारत बसायचं नाही, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन चौकात जायचं. दोघे एकत्र दिसले तरी बरीच पोरं थबकतात. उशीर झाला तर मग कोणाचं कोणी ऐकत नाही.

२. खोट्याला आपलं नाव देऊ नये

ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

१८ जून २०१७. लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला आणि पाकिस्तानने भारताला १८० धावांनी हरवलं. आमच्या जिल्ह्यातल्या मोहद गावातल्या पंधरा मुसलमानांना अटक झाली. आरोप असा की त्यांनी पाकिस्तानच्या विजयाच्या घोषणा दिल्या, फटाके उडवले. कलम लागलं १२४-अ, म्हणजे राजद्रोह. ज्या कलमाखाली टिळकांना मंडालेला धाडलं, ते मोहदच्या गरीब माणसांना लावलं गेलं. देशभर बातमी झाली. काही दिवसांत राजद्रोहाचं कलम मागे घेऊन दोन समाजांत तेढ निर्माण करण्याचं १५३-अ लावण्यात आलं, पण खटला चालूच राहिला.

या खटल्यात तक्रारदार म्हणून नाव होतं गावातल्याच एका हिंदू माणसाचं. तो पुढे आला आणि वार्ताहरांसमोर म्हणाला की मी अशी तक्रार केलेलीच नाही. पकडून नेलेल्या शेजाऱ्याची विचारपूस करायला मी ठाण्यात गेलो होतो आणि तिथे माझंच नाव लिहिलं गेलं, असं त्याचं म्हणणं होतं.

या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. कागद तयार होता, वारा त्याच्या बाजूने वाहत होता, आणि गप्प बसणाऱ्याला कोणी जाब विचारला नसता. उलट तोंड उघडलं की ठाण्याचा रोष, स्वतःच्या समाजातल्यांचे टोमणे, आणि रोज त्याच गावात राहायचं. तरी तो बोलला, आणि वर्षं उलटली तरी शब्द बदलला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुऱ्हाणपूरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. गावच्या हिंदू साक्षीदारांनीच सांगितलं होतं की अशा घोषणा झाल्याच नाहीत.

सहा वर्षं लागली. आरोपींना मजुरी बुडवून तारखांना जावं लागलं, देशद्रोही हा शिक्का मुलाबाळांना वागवावा लागला. आरोपींपैकी एकाने निकालाआधीच आत्महत्या केली. न्याय मिळाला असं म्हणताना मला तो माणूस आठवतो आणि वाक्य पुरं करवत नाही.

अहिंसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपोषण येतं, दांडीयात्रा येते, पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावणारे साने गुरुजी येतात. ती शिखरं आहेतच. पण बहुतेकांच्या वाट्याला शिखर येत नाही, एक कागद येतो. त्यावर आपलं नाव असतं आणि त्याखाली दुसऱ्या कोणाचं आयुष्य असतं. मोहदच्या त्या माणसाने केली ती माझ्या लेखी या जिल्ह्यातली सर्वांत मोठी सत्याग्रही कृती आहे.

३. मार्गाइतकीच मागणीही तपासावी

संभाजीराजांचा राज्याभिषेक झाल्यावर लगेच, जानेवारी १६८१ च्या अखेरीस, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं. शहराला लागून असलेल्या बहादूरपुऱ्यात सराफांची, व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. तीन दिवस लूट चालली. महाराष्ट्रात हा प्रसंग पराक्रम म्हणून सांगतात. मला तो बुऱ्हाणपुरातल्या वर्गात शिकवायचा होता, आणि समोरच्या बाकांवर सगळ्याच घरांतली मुलं बसलेली. स्वराज्याच्या खजिन्याला पैसा का हवा होता, मुघल सत्तेचं हे ठाणं का निवडलं, हे मी सांगायचो. ज्यांची घरं फुटली त्यांचं काय झालं, हेही त्याच तासाला सांगायचो. दोन्ही एकाच आवाजात सांगता आलं पाहिजे. नाहीतर इतिहासाचा तास म्हणजे पुढच्या दंगलीची तयारी होऊन बसते.

या प्रसंगाचा पुढचा भाग मला जास्त विचारात पाडतो. मुघलकालीन इतिहासकार खाफीखानाने नोंदवलंय की शहरातल्या उलेमांनी आणि प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला अर्ज धाडला. आमचा जीव, मालमत्ता, अब्रू तुम्हाला राखता येत नसेल तर आम्ही जुम्म्याची सामुदायिक नमाज बंद करू, असा त्याचा आशय होता. जुम्म्याच्या खुतब्यात तेव्हा बादशहाचं नाव घेतलं जाई. ते थांबवणं म्हणजे त्याच्या राज्याची मान्यताच काढून घेणं. हातात शस्त्र नसलेल्या रयतेने सर्वशक्तिमान बादशहाला दिलेलं ते असहकाराचं पत्र होतं. आणि ते लागू पडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला.

पण पुढे काय झालं? तो दक्षिणेत उतरला तो परत उत्तरेत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत पंचवीस वर्षं युद्ध चाललं, आणि मराठी मुलूख त्यात होरपळून निघाला. अर्जाचा मार्ग निःशस्त्र होता आणि त्यातून जे निघालं ते युद्ध होतं. त्या घाबरलेल्या लोकांना मी दोष देत नाही, संरक्षण मागणं हा त्यांचा हक्कच होता. पण आज एखादा मोर्चा शिस्तीत निघाला, काच फुटली नाही, दगड पडला नाही, तरी मी त्यातला फलक वाचतो. दुसऱ्याला हुसकून लावण्याची मागणी मूकमोर्चानेही करता येते.

४. रुसलेल्याला हाक मारायला धाकट्याला पाठवावं

मुक्ताईनगर आमच्या तापीकाठावरून फार दूर नाही. ताटीच्या अभंगांची कथा मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. अपमानाने व्यथित होऊन दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना धाकट्या मुक्ताबाईने बाहेर बोलावलं. आमच्या समितीत सगळे वडीलधारे, आणि वडीलधाऱ्यांचे रुसवे जुने असतात. कोणी बैठकीतून उठून गेलं की मी आता स्वतः मनधरणीला जात नाही. गल्लीतल्या एखाद्या मुलीला, कॉलेजातल्या पोराला पाठवतो. ‘चाचा, चला ना’ एवढंच ते पोर म्हणतं. आमच्यापैकी कोणाला ते तसं म्हणता येत नाही.

५. शांत राहणं म्हणजे सोसत राहणं नव्हे

शहरातल्या आम्हा लोकांना शांतता म्हणजे दोन धर्मांतली शांतता एवढंच सुचतं. पण जिल्ह्याचा मोठा भाग जंगल आहे. नेपानगरची कागद गिरणी १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झाली. वर्तमानपत्राचा कागद करायला तिला जंगलातली सलई आणि बांबू लागत. त्या जंगलात राहणाऱ्यांना त्यांच्या जमिनीचा हक्क सांगणारा कायदा यायला २००६ साल उजाडलं, आणि आजही किती दावे पडून आहेत.

जुलै २०१९ मध्ये सीवल गावात जमिनीवरून हटवण्याच्या कारवाईत वनखात्याच्या माणसांनी छर्रे झाडले, चार आदिवासी जखमी झाले. जागृत आदिवासी दलित संघटनेच्या लोकांनी त्यावर दगड उचलला नाही. त्यांनी अर्ज लिहिले, कायद्याची कलमं पाठ केली, धरणं धरलं. पुढे नेपानगर भागात बेसुमार जंगलतोड सुरू झाली तेव्हा तोडीविरुद्ध उभे राहिले तेही आदिवासीच. एप्रिल २०२३ मध्ये बायाबापे, लेकरं कलेक्टर कचेरीसमोर ठाण मांडून बसली. जंगल तोडणाऱ्यांवर कारवाई करा, एवढीच मागणी. त्याच महिन्यात दुसरीकडे जमावाने नेपानगर ठाण्यावर हल्ला करून आरोपी सोडवून नेले होते. एकाच जंगलातले हे दोन रस्ते होते.

आणि सरकारने जिल्ह्याबाहेर घालवलं ते धरण्यावाल्यांना. संघटनेच्या माधुरी बेन यांना २०२३ मध्ये तडीपार केलं, मग अंतराम अवासे यांना. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अवासेंवरचा आदेश रद्द केला आणि राज्य सरकारला पन्नास हजारांचा भुर्दंड लावला. अर्ज लिहिणाऱ्याला शासनच हद्दपार करत असेल, तर कोवळ्या पोरांना अर्जाचा रस्ता चांगला हे आपण कोणत्या तोंडाने सांगायचं? शांतता समितीच्या बैठकीत मी हे बोललो, तेव्हा हा विषय आपला नाही असं उत्तर मिळालं. तो आपलाच आहे, असं मी अजूनही म्हणतो.

६. सही करण्याआधी ऐकून घ्यावं

आमच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख आहे, नागरी अक्षरांत कोरलेला, शके १५११ चा. फारुकी सुलतान राजा अली खानाने तो कोरवला. सृष्टिकर्त्याला वंदन करून त्यात राजघराण्याची वंशावळ दिली आहे. स्वतःच्या मशिदीत, ज्यांचा धर्म वेगळा त्यांनाही वाचता येईल असं लिहावं, हे त्या राजाला सुचलं.

आज ठाण्यातला कागद फरियादी, रोजनामचा, हमराह अशा हिंदीत असतो. शिकलेल्या मराठी माणसाला तो नीट उमगत नाही, मग बारेला बाईला काय कळणार? कायदा स्पष्ट आहे. पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम १५४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दोन्ही सांगतात की तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवावी, मग सही घ्यावी, आणि प्रत विनामूल्य द्यावी.

मोहल्ल्यातल्या पोरापोरींना मी हल्ली हे शिकवतो. ‘वाचून दाखवा साहेब’ असं नम्रपणे म्हणायचं. कळलं नाही तर पुन्हा म्हणायचं. न बोललेलं एकही वाक्य दिसलं तर सही करायची नाही, आणि प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. एका मुलाने विचारलं, ‘सर, ते ओरडले तर?’ मी म्हटलं, ओरडू देत, आपण आवाज चढवायचा नाही, खुर्चीही सोडायची नाही. आणि एकट्याने जायचं नाही. मला फोन कर, मी येतो.