शिकाऊ परिचारिकेची चूक : जबाबदार कोण?

धामणगाव बढेसारख्या गावातील सरकारी दवाखान्यात किंवा बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात अनेकदा शिकाऊ परिचारिका दिसतात. रुग्णसेवा नुसत्या पुस्तकातून येत नाही. पण विद्यार्थिनीच्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण?

परीक्षा उत्तीर्ण होऊन परिचर्या परिषदेत नोंदणी होईपर्यंत विद्यार्थिनीला स्वतंत्रपणे काम करता येत नाही. तिने प्रत्येक काम शिक्षिकेच्या किंवा नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखालीच करावयाचे असते.

देखरेख सुटली की काय होते, हे दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयातील १९९३ च्या घटनेवरून कळते. तेथे पुरेशी पात्रता नसलेल्या परिचारिकेने एका मुलाला चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरून मुलास साडेबारा लाख व आई-वडिलांस पाच लाख रुपये भरपाई कायम केली. सरकारी रुग्णालयेही यातून सुटत नाहीत. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापड राहून एक महिला दगावली. १९९६ साली न्यायालयाने शासनास जबाबदार ठरविले.

भरपाई संस्थेने दिली तरी फौजदारी जबाबदारी ज्याची त्याची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन वर्षांची कमी मर्यादा फक्त नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. परिचारिका व विद्यार्थिनींना ती लागू नाही.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) न शिकविलेले काम सांगितल्यास "सिस्टर, मला हे अजून येत नाही," असे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

२) औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, वेळ व देण्याचा मार्ग केसपेपरशी ताडून पाहावा आणि वरिष्ठांना दाखवावा.

३) चूक झाल्यास लपवू नये. ताबडतोब सांगितल्यास रुग्ण वाचू शकतो.

४) इंचार्ज सिस्टरांनी मनुष्यबळ कमी आहे म्हणून विद्यार्थिनीवर एकटीवर वॉर्ड सोपवू नये.

नातेवाइकांनीही "सोबत मोठ्या सिस्टर आहेत ना?" असे शांतपणे विचारावे. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्याने शिकणाऱ्या मुलीचेही रक्षणच होते.