उसाचें चिपाड व आमची वही

वहीचें कोरें पान फाडून त्याची होडी करणाऱ्या विद्यार्थ्यास तें पान कोठून आलें, हा प्रश्न सहसा पडत नाहीं. विचारल्यास “झाडापासून” असें उत्तर येतें. पण तें अर्धेंच खरें होय. लांकूड घासून लगदा करण्याची युक्ति जर्मनींतील केलर यानें १८४४ च्या सुमारास काढिली. त्यापूर्वीं कित्येक शतकें कागद चिंध्यांचा व सालीचा होत असे. आणि १८०० सालीं लंडन येथें मॅथियस कूप्स यानें काडाच्या कागदावर ग्रंथही छापिला होता.

कागदास हवे असतात ते वनस्पतींतील सेल्युलोजचे तंतु. लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांस एकमेकांशीं जखडून ठेवितें. चिपाडें, गव्हाचें काड किंवा भाताचा पेंढा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत शिजविला म्हणजे लिग्निन विरघळतें व तंतु सुटे होतात. लांकडापेक्षां काडांत लिग्निन कमी, म्हणून तें लवकर शिजतें. चिपाडांतील भुसभुशीत गाभा मात्र आधीं काढावा लागतो; नाहीं तर कागद कमजोर होतो.

तामिळनाडूंत करूर जिल्ह्यांत १९७९ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा कारखाना १९८४ पासून चिपाडांचा कागद करीत आला आहे. साखर कारखाने चिपाडें भट्टींत जाळितात. म्हणून त्यांस बदली इंधन किंवा वाफ पुरवूनच तीं मिळवावीं लागतात. यावरून ध्यानांत येईल कीं, ज्यास आपण टाकाऊ म्हणतों तें फुकट नसतें.

दुसऱ्याही अडचणी आहेत. काडाचे तंतु आखूड, म्हणून बळकटीसाठीं पुष्कळदां लांब तंतूंचा लगदा मिसळावा लागतो. काडांतील, विशेषतः पेंढ्यांतील, सिलिकेमुळें शिजवणीच्या काळ्या पाण्यांतून सोडा परत मिळविणें कठीण पडतें. आणि तें पाणी तसेंच नदींत सोडिलें तर मासे मरतात. वन वांचविण्यासाठीं नदी नासली, तर लाभ कसला? शिवाय जो कडबा गुरांच्या मुखीं जातो, त्यावर कागदाचा हक्क नाहीं. पंजाबांत व हरियाणांत भाताचें जें काड शेतांतच जाळितात, त्याचा विचार मात्र अवश्य व्हावा.

पांच भाकरींच्या भोजनानंतर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले. ज्याच्या हातीं विपुलता होती, त्यासही तुकडा क्षुद्र वाटला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, कारखाना उभारणें आज तुमच्या हातीं नाहीं. परंतु पानाची दुसरी बाजू लिहिणें खचित आहे.